सोखनाचा रोजा

न्गलाखचं, गुड फ्रायडेच्या गोड खिरीचं, पातेलं काठोकाठ भरलं होतं. बाजरीच्या कण्या, शेंगदाण्याचा लगदा, गोरखचिंचेचा कोळ, सगळं एकजीव झालं होतं. आता सेनेगलच्या रिवाजाप्रमाणे गल्लीतल्या मुसलमान घरांत वाडगे पोचवायचे. पण साखर कोण बघणार? गुड फ्रायडेच्या उपासाला क्लोतील जिभेला थेंब लावायची नाही. दरवर्षी शेजारची सोखना चाखून द्यायची. यंदा मेला गुड फ्रायडे नेमका रमजानात आला. रोजा धरलेलीला चाख कसं म्हणायचं? चांगलीच पंचाईत झाली होती.

तेवढ्यात सोखनाच आली. स्टुलावर टेकली, पळी उचलली आणि सरळ तोंडाला लावली.

"फिकं आहे," ती म्हणाली. "तुम्हा सेरेरांचा हात साखरेला नेहमीच आखडतो."

"आणि तुम्हा तुकुलरांना..." दोन्ही जमातींच्या जुन्या थट्टेला उत्तर देता देता क्लोतील थांबली. "सोखना, तुझा रोजा?"

सोखनानं आणखी एक पळी घेतली, भुकेल्या माणसासारखी.

"हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. उपाशी राहायचं नाही म्हणाला डॉक्टर. घरी बोलले नाही. संध्याकाळी रोजा सोडताना पहिला खजूर सगळे माझ्या हातून घेतात. कळलं की खजुराची थाळी सुनेकडे जाईल आणि मी बसेन कोपऱ्यात. पहाटे सगळ्यांबरोबर उठते. दुपारी न्हाणीघराला कडी लावून पाव खाते. घरभर माणसं आहेत गं, पण इतकं एकटं मला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं."

क्लोतीलची मुलं सेनेगल सोडून केव्हाच फ्रान्सला गेली होती. एकटीनं जेवणं तिला नवं नव्हतं. तिनं वाडगा भरला, सोखनाला आतल्या खोलीत बसवलं, पडदा ओढला आणि स्वतः उंबऱ्यावर येऊन बसली. तिच्या पोटातही सकाळपासून काही नव्हतं.

थोड्या वेळानं सोखनाची सून मारेम आली.

"मावशी, आई इथं आहेत का?"

धादांत खोटं बोलायची क्लोतीलला सवय नव्हती. त्यात आज गुड फ्रायडे.

"आत पडलीय जरा," तरी ती म्हणाली. "रोज्यानं पार गळून गेलीय बघ. या वयात सोड म्हणून किती सांगितलं. ऐकते कुठं?"

"त्या कुणाचं ऐकतात," मारेम कौतुकानं हसली आणि परत गेली.

पडद्याआड चमच्याचा आवाज थांबला होता.

"खा गं," क्लोतील रस्त्याकडे बघतच म्हणाली. "मी बसलेय इथं."