कालिंदीचं पहिलं मत

कालिंदी गावितला जन्मापासून बोलता येत नव्हतं, हातपायही हलत नव्हते. पस्तिशी उलटली तरी घरच्यांनी तिचं नाव मतदार यादीत घातलं नव्हतं. मग मनातले शब्द बोलून दाखवणारी पट्टी तिच्या कपाळावर आली, आणि तिने भावाला पहिल्यांदा सांगितलं, "धनराजदादा, माझं नाव नोंदव."

धनराजने लगेच नोंदवलं. यंदा तो स्वतःच नगरपरिषदेला उभा होता.

मतदान केंद्रात तिच्या बोटाला शाई लावून अधिकाऱ्याने विचारलं, "ताई, भावाला मदतीला येऊ देऊ का?"

"नको," पट्टीतून आवाज आला. "या पट्टीमुळे मतदानाच्या मशीनलाही माझं मन कळतं."

तिच्या मनाच्या इशाऱ्यावर चालणारी चाकाची खुर्ची तिला एकटीलाच आडोशामागे घेऊन गेली. कालिंदीने सगळी नावं सावकाश वाचली, एक नाव मनात पक्कं केलं, आणि मशीन वाजलं.

ती बाहेर आल्यावर धनराज वाकून हळूच म्हणाला, "मलाच दिलंस ना?"

"मतदान गुप्त असतं, दादा."

रांगेतले लोक हसले. धनराज क्षणभर गोरामोरा झाला. मग तिचा हात हातात घेऊन तो रांगेला म्हणाला, "ही माझी बहीण. हिला कुणी गृहीत धरायचं नाही. मीसुद्धा नाही."