वरच्या मजल्यावरचा नळ

“बाळाच्या छातीला किती वेळा कान लावाल? एकदा भिंतीला लावून बघा,” लस द्यायला आलेली नर्सबाई म्हणाली होती. “आजार अंगात दिसतो, पण राहायला घरात असतो.”

बाळाच्या आईनं ते हसण्यावारी नेलं. शिकलेली होती ती. खोकल्याला औषध लागतं, एवढं तिला कळत होतं.

आज औषधाची तिसरी बाटली संपली. बाळ खोकून लालबुंद झालं. पाळण्यामागच्या भिंतीवर ओल धरून काळी बुरशी पसरली होती. तिनं भिंतीला कान लावला. आत टप, टप, टप.

बाळाला कडेवर घेऊन ती वरच्या मजल्यावर गेली. तिथं म्हातारे शिंपीकाका एकटेच राहत. बाथरूममध्ये बादली भरून वाहत होती, आणि पाणी फरशीच्या भेगांतून खाली मुरत होतं.

“काका, नळ चालू राहिलाय!”

“राहिलाय कसला, बंदच होत नाही पोरी.” त्यांनी वाकडी झालेली बोटं दाखवली. “चाळीस वर्षं सुई ऐकायची यांचं. आता नळसुद्धा ऐकत नाही.”

“मग सांगायचं नाही का कुणाला?”

“विचारलं कुणी?”

तिनं नळ पिळून बंद केला आणि प्लंबरला फोन लावला. घाईघाईत तोंडून निघालं, “बाळ फार खोकतंय हो, लगेच या!”

“ताई, मी प्लंबर आहे.”

“माहितीय! म्हणूनच या!”

तो आला तो गालातल्या गालात हसतच. “पेशंट कुठंय?”

“वर.”

“आणि खोकला?”

“खाली.”

त्यानं फिरकीचा नळ काढून लांब दांड्याचा बसवला, भेगा बुजवल्या. काकांनी कोपरानं दांडा ढकलला. पाणी आलं. पुन्हा ढकलला. थांबलं. मग उगाचच चार वेळा चालू-बंद, चालू-बंद. प्रत्येक वेळी बाळ खिदळलं, आणि बाळापेक्षा मोठ्यानं काका.

महिन्याभरात भिंत वाळली. खोकलाही गेला.

तुमच्या डोक्यावर कोण राहतं? उद्या जरा वर जाऊन या. नळ बंद करता येतो का, तेवढं विचारा.