लपवणाऱ्याचं कलम

लष्करी सरकारी वकिलाच्या परीक्षेला एकच दिवस उरला होता. सांता मारियातल्या आपल्या घरी जांदिरा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कलमं घोकत होती. एरवी अभ्यासाच्या वाटेला न जाणारी तिची आई झुल्मिरा आज काळा घेवडा निवडता निवडता स्वतःच प्रश्न विचारत होती.

"पलटणीतून पळालेल्या शिपायाला कुणी घरात लपवलं तर?"

"चार महिने ते एक वर्ष कैद," जांदिराने पाठ म्हटल्यासारखं सांगितलं.

आईचा हात थांबला. "आणि लपवणारी त्याची आईच असली तर?"

"आईला शिक्षा नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावंडांनाही नाही. आई, तू तर परीक्षकांच्या वरताण निघालीस गं!"

आई हसली नाही. "नीट आठव, पोरी. भावंडांनाही नक्की नाही ना?"

"अगदी नक्की. पण त्या शिपायाची मात्र सुटका नाही हं."



आईने परात बाजूला सारली, उठून आतल्या खोलीची कडी काढली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "एडिल्सन, ये बाहेर. तुझ्या ताईलाही शिक्षा नाही म्हणे."