लेकीला आणायला

मेंढीच्या पोटात कोकरू आडवं अडकलं होतं आणि मायाप्पाची लेक रेणुका गुडघ्यांवर बसून ते हातानं वळवत होती. मायाप्पा दारातच थबकला.

पंधरा दिवसांपूर्वी ती फोनवर रडली होती. "बा, हितली भाषा कळंना, जेवण जाईना. मला न्यायला ये." म्हणून हा धनगर जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसून राजस्थानातल्या तिच्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात आला होता.

कोकरू बाहेर आलं, पण हलेना. रेणुकानं त्याचं नाक पुसलं, छाती चोळली. ते शिंकलं, तशी मेंढीची म्हातारी मालकीण हसून काहीबाही बोलली. रेणुकानं तिला मोडकंतोडकं का होईना, तिच्याच बोलीत उत्तर दिलं.

मग तिला बाप दिसला. "बा, मी न्हाय येत आता. अजून लई शिकायचंय."

"कोण नेतंय तुला?" मायाप्पा म्हणाला.

अनोळखी माणसाशी कधी न बोलणारा मायाप्पा परतीच्या गाडीत समोरच्या प्रवाशाला सांगत होता, "मेरी लडकी है ना, वो..." पुढची हिंदी सापडेना, तेव्हा त्यानं बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हातांनी अख्खं बाळंतपण करून दाखवलं.