रविवारचा खुलासा

रविवारच्या ड्युटीला आले नाही म्हणून हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी दिला. वाचून ते भडकलेच.

"'सकाळ. रिकामं. रिकामं. रात्र. रिकामं.' बाई, ही काय थट्टा लावलीय?"

"तुमचा ड्युटीचा तक्ता आहे, साहेब. मला दिसत नाही, कॉम्प्युटर वाचून दाखवतो, तो अस्सा. कुठला वार, कुणाची पाळी, काही पत्ता लागत नाही. रकान्यांना मथळे नीट लावा म्हणून चारदा सांगितलं."

"अहो, वार वर लाल अक्षरांत ठळक दिलेत की!"

"लाल रंग ऐकू येत नाही."

साहेब नरमले. "बरं, यापुढे शिपाई वाचून दाखवेल."

"नको. तक्ताच बदला. नाहीतर शिपाई रजेवर गेला, की मला आंधळं कोणी केलं, याचा खुलासा तुम्ही लिहा."