नेटवर्कची वाटणी

"आजच्या आज वेगळं कर. तुझं तुला, माझं मला," जिन्यात उभे राहून राजाभाऊ म्हणाले.

दुबईत अल क्वोजच्या त्या व्हिलात वर राजाभाऊ राहत, खाली त्यांचा धाकटा भाऊ सुयश. इंटरनेटची लाइन एक, प्रिंटर एक, तो वर. कॅनडाला कायमचं जायचा विचार दादाला कसा सांगावा, हे सुयश महिनाभर घोळवत होता. सोमवारी त्यानं कॅनडाचा फॉर्म छापायला दिला आणि तो दादाच्याच हातात पडला. स्वतः नेटवर्क इंजिनियर, आणि ऑफिसचा प्रिंटर निवडायचा सोडून घरचा निवडला! तेव्हापासून चार दिवस राजाभाऊ त्याच्याशी बोललेले नव्हते.

सुयशनं जिन्याखालच्या केबली हलवल्या. वरचे कॉम्प्युटर एका नेटवर्कात, खालचे दुसऱ्यात, मधे राउटर.

"झालं, दादा. खलास. आता तुझं काही मला दिसणार नाही, माझं तुला."

"बरं झालं."

तेवढ्यात वरून राजाभाऊंची इरा ओरडली, "काका, रोशन इज गॉन!" खालच्या खोलीतून सुयशचा रोशन त्याहून मोठ्यानं, "इरा लेफ्ट द गेम!"

राजाभाऊ चमकले. "पोरांचं काय केलंस रे?"

"सगळंच वेगळं कर म्हणालास ना. एका नेटवर्कात असली तरच त्यांची मशिनं गेममध्ये एकमेकांना शोधतात. राउटर मधे आला, की वरची हाक खाली जात नाही."

राजाभाऊ पायरीवर बसले. वर इरा मुसमुसायला लागली होती.

"आपल्या भांडणात त्यांचे हाल नकोत. जोड त्यांना."

"दोघांचं तिसरं नेटवर्क करतो."

पाच मिनिटांत वरखाली एकदमच "येस!" झालं. राजाभाऊ तरी उठले नाहीत.

"कधी निघणार?"

दादानं आपणहून विचारलं, आणि सुयशला भरून आलं.

"कॅनडाचे पेपर यायला वर्ष तरी लागेल, दादा."

राजाभाऊंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, बराच वेळ पुसला.

"मग माझं मशीनही पोरांच्या नेटवर्कात टाक. तो गेम शिकायला मला वर्ष लागेलच. रोशन गेल्यावर इराशी खेळायला कुणी नको का?"