बोटभर माया

“यातलं सगळ्यात छोटं कोणतं?” वडिलांनी विचारलं.

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बुटांच्या खोक्याहून थोडंसंच मोठं, कॉम्प्युटरचं एक कॅबिनेट पुढे सरकवलं. “हे. पण काका, यात छोटं म्हणजे स्वस्त असं नसतं हं.”

“स्वस्त कुठे विचारलं? छोटं विचारलं.”

खिशातून त्यांनी शिवणाची पिवळी टेप काढली. आकडे पुसट झाले होते. लांबी, रुंदी, उंची मोजून झाल्यावर ते म्हणाले, “बसतंय. भिंत आणि मशीन यांच्या मधल्या जागेत बरोब्बर.”

“कसलं मशीन?”

“शिवणाचं.” त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे मान हलवली. “हिच्या आईचं.”

मुलगी काचेआडच्या केबल बघू लागली. आई गेल्यापासून घरात येणारी प्रत्येक वस्तू लहान होती. तेलाची लहान बाटली. एका कपाचं पातेलं. प्रवासात नेतात तसली टूथपेस्ट. तयार कॉम्प्युटर घ्या म्हटलं, तर तो नको. “आयतं नको, मी जोडतो. हात रिकामे राहिले की डोकं फार चालतं.” हे ऐकून तिला बरं वाटलं होतं. आता पुन्हा ‘छोटं’ सुरू झालं होतं.

“करणार काय त्यावर?” दुकानदाराने विचारलं.

“बुद्धिबळ. आणि फोटो मोठे करून बघायचे. झालं.”

“गेम वगैरे?”

“या वयात गेम?”

“बुद्धिबळ गेमच आहे की, काका.”

वडील हसले. “मग त्या गेमपुरता द्या.”

“बाबा, जरा बरा घ्या ना,” मुलगी म्हणाली. “चार-पाच वर्षं तरी चालायला हवा.”

“चार-पाच वर्षं!” ते शांतपणे म्हणाले. “मला कशाला लागतोय एवढा?”

ती पंख्याचा एक डबा हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचू लागली.

दुकानदाराने दोन मदरबोर्ड काउंटरवर ठेवले. “हा तुमच्या छोट्या कॅबिनेटमधला. रॅमसाठी दोन खाचा, दोन्ही भरून देतो. आणि हा आपला नुसता दाखवतो, तुम्ही काही घेणार नाही. याला चार. दोन भरायच्या, दोन मोकळ्या ठेवायच्या. पुढे काम वाढलं तर भर घालता येते. नाही वाढलं तर राहू द्यायच्या तशाच.”

वडील खाली वाकले. मोकळ्या खाचांवर बोट नेलं.

“हात नका लावू हं, काका.”

बोट वरच्या वर थांबलं. “म्हणजे यात माया ठेवलीय.”

“काय ठेवलीय?”

“माया. शिवताना शिलाईच्या आत जास्तीचं कापड सोडतात ना, ती. बाहेरून दिसत नाही. माणूस अंगाने भरला की उसवायचं आणि सैल करून घ्यायचं.” त्यांनी शर्टाची कड उलटी करून दाखवली. आत बोटभर कापड नीट दुमडलेलं होतं. “हिची आई मला म्हणायची, ‘आणखी किती फुगणार आहात, ते एकदाचं सांगून टाका.’ आणि मग मला न विचारता स्वतःच जास्त सोडायची.”

“आम्ही याला अपग्रेड म्हणतो,” दुकानदार म्हणाला.

“तुम्ही काहीही म्हणा. हाच द्या.”

मुलीने पंख्याचा डबा खाली ठेवला.

“पण मग छोटं कॅबिनेट चालणार नाही,” दुकानदार म्हणाला. “हा त्यात मावणारच नाही. हे मोठं घ्यावं लागेल.”

वडिलांनी मोठ्या कॅबिनेटला टेप लावली. मग पुन्हा एकदा लावली. भिंत आणि मशीन यांच्यामध्ये ते बसत नव्हतं. ते टेपकडे बघत उभे राहिले. मुलीने आग्रह केला असता तर त्यांनी लगेच छोटं उचललं असतं.

“मशीन सरकवावं लागेल,” ते म्हणाले.

“जड असेल ना?”

“भलतंच जड आहे. पण ही आहे की एका बाजूला.” त्यांनी टेप गळ्यात टाकली आणि दोन्ही हातांनी कॅबिनेट उचलून वजन बघितलं. “खिडकीकडे घेऊ. तिकडे उजेड चांगला येतो. ती किती दिवस सांगत होती, माझंच राहून गेलं.”

“घेऊ,” मुलगी म्हणाली. “आजच सरकवू.”

“आता राहिला पॉवर सप्लाय,” दुकानदार म्हणाला. “साडेचारशे वॉटचा पुरेल तुम्हाला.”

“माया धरून?”

दुकानदाराने चष्मा परत कपाळावर चढवला आणि मागच्या खोलीकडे तोंड करून बायकोला हाक मारली, “अगं, साडेपाचशेचा काढ एक! मायावाला!”

“कसला?” आतून आवाज आला.

“काढ तू. सांगतो मग!”

सगळं बांधून झालं. मोठं खोकं वडिलांनी मुलीला उचलू दिलं नाही, पिशव्या तेवढ्या दिल्या. दाराशी आल्यावर तिचं लक्ष गेलं. टेप अजून त्यांच्या गळ्यात होती, दोन्ही टोकं पुढे सोडलेली. आई घरभर तशीच वावरायची, दार उघडायलाही तशीच जायची.

“बाबा...”

“काय गं?”

“काही नाही. पायरी आहे, जपून.”

खोकं छातीशी धरून ते रस्त्याला लागले. समोरून येणाऱ्या एका बाईने त्यांच्याकडे वळून बघितलं. खोक्याच्या दोन्ही बाजूंनी टेपची टोकं हलत होती.